मामा तलाव पुन्हा जिवंत करायचा असेल तर: पहिल्यांदाच काम हाती घेणाऱ्यांसाठी

आमच्या गावच्या तलावाचं पहिलं ‘पुनरुज्जीवन’ एका पोकलेनने चार दिवसांत उरकलं. काठापासून सरळ खाली दीड पुरुष खोल खड्डा झाला, गाळ ट्रॅक्टरने शेतात गेला, पाळीवर फोटो निघाले. त्या पावसाळ्यात तलाव तुडुंब भरला. हिवाळ्यात दुर्बीण घेऊन बसलो, तर एवढ्या पाण्यावर चार पाणकावळे आणि एक खंड्या. बदकं शेजारच्या गावच्या बोडीत (छोट्या तळ्यात) उतरली होती. त्या बोडीला कुणी हात लावला नव्हता आणि तिच्यात गुडघाभर पाणी होतं.

काठावर जाळं विणत बसलेले एक म्हातारे ढीवर, म्हणजे मासेमार समाजातले, बाबा म्हणाले, “पोट्टेहो, तलाव तं खोल केला, पण मासोळी अंडे कुठं घालन?”

या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात पुढची काही वर्षं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. अनुभव पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांचा, म्हणजे मामा तलावांचा आहे. दुसरीकडे वनस्पती वेगळ्या असतील, कागद वेगळे असतील. कामांचा क्रम मात्र फारसा बदलणार नाही.

आधी थोडी ओळख

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यातले हे तलाव गोंड राजांच्या काळापासून बांधले गेले. त्यातले बरेच कोहळी समाजाने बांधले. पाळ बांधायची, पावसाचं पाणी अडवायचं आणि खालच्या धानाच्या बांध्यांना (शेताच्या तुकड्यांना) द्यायचं, अशी साधी रचना. मासे आणि शिंगाडा ढीवरांचा. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (इथली जमीनदारी) संपली आणि तलाव सरकारकडे गेले. देखभाल करणारे हात सुटले, नवे लागले नाहीत. मग गाळ, बेशरम (काठ व्यापणारं परकं झुडूप), अतिक्रमण हे सगळं एकामागून एक आलं.

रचनेचे चार शब्द पाठ करा, नाहीतर गावातल्या बैठकीत तुम्ही पाहुणेच राहाल. पाणी जिथून येतं तो येवा. बांध म्हणजे पाळ. पाळीतून शेताला पाणी सोडायची जागा म्हणजे तुडूम. जादा पाणी जिथून सांडतं ती सलांग.

पायरी १: एक वर्ष नुसतं पाहा

सगळ्यात अवघड पायरी हीच आहे, कारण यात काही ‘केल्यासारखं’ दिसत नाही. पण उथळ तलाव ही एक जागा नसते. ऑगस्टमध्ये तो पाळीला लागतो, जानेवारीत मागे सरतो, मे महिन्यात मधल्या डबक्यापुरता उरतो. पाणी हटेल तशी ओली माती उघडी पडते, तिच्यात किडे असतात, तिथे तुतारी आणि शेकाट्या चरतात. वीत-हातभर पाण्यात बदकं शेपूट वर करून मान बुडवतात आणि तळाचं बी, कंद काढतात. त्यांची मान जिथवर पोचते तिथवरच त्यांचं ताट. पाणवनस्पतींच्या तरंगत्या पानांवर कमळपक्षी घरटं करतो. पुरुषभर खोल पाण्यात यातलं काहीच नसतं. बुड्या मारून मासे धरणाऱ्या पाणकावळ्यांसारखे थोडेच पक्षी तिथे पोट भरू शकतात.

एक वही करा. दर पंधरा दिवसांनी चार गोष्टी लिहा: पाणी कुठवर आहे (काठावर खुंट्या ठोकून ठेवा), पाणी स्वच्छ आहे की गढूळ, कोणत्या बाजूला कोणती वनस्पती, कोणते पक्षी कुठे. गढूळपणासाठी यंत्र नको. गुडघाभर पाण्यात उभं राहून आपली बोटं दिसतात का ते बघायचं.

बोटं दिसणं-न दिसणं महत्त्वाचं का, तेही सांगतो. उथळ तलाव साधारण दोनपैकी एका अवस्थेत स्थिरावतो. एकीत तळाला वनस्पती असतात. त्या गाळ धरून ठेवतात, लाटा मोडतात, म्हणून पाणी नितळ राहतं. पाणी नितळ म्हणून ऊन तळाशी पोचतं आणि वनस्पती वाढतात. दुसरीत वनस्पती गेलेल्या असतात, वाऱ्याने आणि माशांनी गाळ ढवळला जातो, पाणी हिरवट-मातकट होतं, ऊन खाली पोचत नाही, म्हणून नवं रोप रुजत नाही. दोन्ही चक्रं स्वतःला टिकवून धरतात. आपलं सगळं काम म्हणजे तलावाला दुसऱ्या चक्रातून उचलून पहिल्यात ठेवणं. त्यासाठी धक्का योग्य जागी बसावा लागतो. पोकलेनचा बसत नाही.

पायरी २: तलाव कोणाचा, हे कागदावर शोधा

गोळा करायचे कागद:

- तलावाच्या गट क्रमांकाचा सातबारा आणि गाव नकाशा (तलाठी व भूमी अभिलेख कार्यालय)
- निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. गावाचे पाणी, चराई, मासेमारीचे जुने हक्क यात नोंदलेले असतात. तालुक्याच्या अभिलेख कक्षात विचारा, ‘नाही’ म्हणाले तरी पुन्हा विचारा
- मासेमारीच्या ठेक्याचा करार: कोणत्या संस्थेकडे, किती वर्षांचा, कधी संपतो
- ग्रामसभेचा ठराव (तुमच्या कामाचा)
- गावाची लोक जैवविविधता नोंदवही, असेल तर

शंभर हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेले तलाव बहुधा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात. काही वनखात्याच्या जमिनीत आहेत. तसा असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला मासे व इतर जलउपज वापरण्याचा आणि सामूहिक वनसंसाधन जपण्याचा हक्क मागता येतो. आधी ग्रामसभेत दावा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. वेळ लागतो. पण हा हक्क हातात असेल तर उद्या कुणी तुमच्या लावलेल्या काठावर यंत्र घालायला आलं तर अडवता येतं.

इथला सापळा: पुष्कळ जण ‘पाणथळ जागा नियम २०१७’ चा कागद घेऊन कार्यालयात जातात. त्या नियमांच्या व्याख्येतून खास सिंचनासाठी बांधलेल्या मानवनिर्मित रचना वगळल्या आहेत, आणि मामा तलाव कागदावर सिंचन तलाव आहे. समोरचा अधिकारी हेच वाक्य वाचून दाखवील. तेव्हा निव्वळ त्या नियमांच्या भरवशावर राहू नका. ग्रामसभा, वनहक्क आणि जैवविविधता व्यवस्थापन समिती हे तीन खुंटे जास्त घट्ट आहेत.

कागद मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. भांडायची गरज नाही.

पायरी ३: ढीवरांकडे जा, आणि हातात आराखडा नेऊ नका

भंडारा-गोंदियात हे काम ज्यांनी उभं केलं त्यांच्याकडून शिकण्यासारखी पहिली गोष्ट हीच. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने तलावांची माहिती ढीवरांकडूनच गोळा केली: कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती कोणत्या खोलीला, कोणती कधीपासून दिसेनाशी झाली. पुढे अर्जुनी मोरगाव तालुक्यात निमगावच्या शालू कोल्हे आणि गावोगावच्या ढीवर महिला बेशरम उपटायला आणि वनस्पती लावायला चिखलात उतरल्या. शास्त्रीय नावं नंतर जुळवता येतात. चौकशी आधी.

म्हाताऱ्या माणसांना ‘जैवविविधता कशी होती’ असं विचाराल तर ते तोंडाकडे बघतील. विचारा: लहानपणी जाळ्यात काय यायचं? आता काय येत नाही? दाडक, मरळ, शिंगूर कुठल्या कोपऱ्यात मिळायचे? देवधान कुठे उगवायचं? (हे रानटी भाताचं गवत सारस आणि बदकांना फार आवडतं.) उत्तरं देताना माणसं उठून पाळीवर घेऊन जातात. तेव्हा वही सोबत असू द्या.

बायकांशी वेगळं बोला. पुरुष मोठ्या माशांचं सांगतात. काठाच्या चिखलातल्या कंदाचं, भाजीचं, झिंग्यांचं ज्ञान बायकांकडे असतं, आणि पुढची लागवडही त्याच करणार आहेत.

शेतकऱ्यांनाही सोडू नका. उन्हाळी धानासाठी फेब्रुवारीतच मोटारी लागल्या, तर स्थलांतरित पक्षी असतानाच काठ कोरडा होतो. आमच्याकडे यावर दोन रात्री बैठक चालली. शेवटी ठरलं की तुडुमाखाली एक खूण ठेवायची आणि त्याखाली पाणी उपसायचं नाही. ही खूण दरवर्षी पाळली जाते असा माझा दावा नाही.

पायरी ४: बेशरम काढा, पण एका दमात नाही

बेशरम मूळची अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली. गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, आणि सवय लागून खाणाऱ्या शेळ्या आजारी पडतात. उथळ काठावर ती एकदा बसली की खाली दुसरं काही उगवू देत नाही, गाळ अडकवते आणि तलाव काठाकडून मिटत जातो.

वेळ: एप्रिलचा शेवट ते मे अखेर. पाणी मागे सरलेलं असतं, मूळ मोकळं होतं.

साधनं: कुदळ, सब्बल, विळा, जाड हातमोजे (चीक अंगाला खाजतो), जुने बूट, पिण्याचं पाणी, आणि सकाळी सहा ते दहा एवढीच वेळ. विदर्भातल्या मे महिन्याबद्दल वेगळं सांगायला नको.

पद्धत: मुळासकट उपटायची. वरून कापलेली बेशरम पाऊस पडताच दुप्पट फुटते. आणि उपटलेली काठावर टाकायची नाही. हे मी जोर देऊन लिहितोय, कारण पहिल्या वर्षी आम्ही अठ्ठावीस जणांनी नऊ दिवस राबून काढलेली बेशरम पाळीच्या उतारावर रचून ठेवली. जुलैत प्रत्येक कांडीला मुळं फुटली. आधी एक ओळ होती, नंतर तीन झाल्या. तेव्हा काढलेला माल तलावाच्या पाणलोटाबाहेर, कडक जमिनीवर पसरा, पूर्ण वाळवा आणि पाऊस यायच्या आत जाळा. कुणी कुंपणाला मागितली तर देऊ नका, ती तिथेही रुजते.

दाट झुडपात शिरण्यापूर्वी घरटी आहेत का बघा. वंचक आणि पाणकोंबड्या दुसरा आडोसा नसल्यामुळे बेशरमीतच राहतात. म्हणून सगळी एकाच वर्षी काढू नका. पहिल्या वर्षी एक तृतीयांश पट्टा साफ करा, तिथे गवत आणि पाणवनस्पती उभ्या राहू द्या, मग पुढचा घ्या. दरवर्षी ऑगस्टमध्ये एकदा फिरून नवे फुटवे हाताने उपटायचे. हा अर्ध्या दिवसाचा फेरा चुकला की पुन्हा नऊ दिवस.

पायरी ५: काठ नांगरा आणि रोवणीसारखी लागवड करा

बेशरमीखालचा गाळ घट्ट बसलेला असतो. मे अखेरीस तेवढा पट्टा उथळ नांगरून घ्या म्हणजे मुळं धरायला जागा होते. गाळ फारच साचला असेल तर तो काढायला हरकत नाही, गाळमुक्त धरण योजनेतूनही काढता येतो. पण यंत्रवाल्याला आधी आकार समजावा. आम्ही नंतर कढई आणि परात शेजारी ठेवून दाखवायचो: परात हवी. दहा हात आत गेल्यावर एक हात खोली, एवढा संथ उतार. मध्यभागी एक डोह ठेवा म्हणजे उन्हाळ्यात मासे तग धरतात. येव्याच्या तोंडाला हात लावू नका. आणि यंत्र चालू असताना तुमच्यापैकी एक जण तिथे उभाच हवा. क्यूबिक मीटरवर पैसे मिळणाऱ्या माणसाला काठाची माया कुठून असणार?

लागवड: पहिल्या चांगल्या पावसानंतर, काठाला घोटा ते गुडघाभर पाणी आल्यावर. पाण्याखाली राहणाऱ्यांत हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया आणि सेराटोफायलम. तरंगत्या पानांची लहान पांढऱ्या फुलांची कुमुदिनी. काठाच्या ओल्या पट्ट्यात देवधान आणि लव्हाळ्यासारखी गवतं. यांना गावोगाव वेगळी नावं आहेत, तुमच्या गावातलं नावच वापरा.

रोपं जवळच्या निरोगी तलावातून आणा, त्या गावाला विचारून, आणि एका जागेवरून थोडीच. व्हॅलिस्नेरिया मुळासकट चिखलात खोचायची, धानाच्या रोवणीसारखी. ज्यांनी आयुष्यभर रोवणी केली त्या बायकांना हे शिकवावं लागत नाही, त्याच तुम्हाला वेग दाखवतात. हायड्रिलाच्या काड्यांची जुडी करून बुडाला चिखलाचा गोळा लावून सोडली तरी चालते. सेराटोफायलमला मुळंच नसतात, ते नुसतं आडोशाच्या पाण्यात सोडायचं.

सापळा: रोपांच्या टोपलीतून जलकुंभी (जलपर्णी) येते. एक कोंब पुरतो. प्रत्येक टोपली काठाबाहेर उलटी करून निवडा, धुवा, मगच पाण्यात न्या. नर्सरीतून किंवा मत्स्यालयाच्या दुकानातून ‘शोभेची’ पाणवनस्पती कधीच आणू नका.

लावलेल्या पट्ट्याला बांबूचं साधं कुडाण करा. पहिले दोन महिने म्हशी बाहेर ठेवायच्या, एवढाच उद्देश. पुढे थोडी चराई झाली तर बिघडत नाही. म्हशींनी तुडवलेल्या चिखलात पक्षी आवडीने चरतात.

पायरी ६: माशांचा ठेका

लावलेलं सगळं एका हंगामात संपवू शकेल अशी एकच गोष्ट आहे, चुकीचं मत्स्यबीज. गवत्या म्हणजे ग्रास कार्प पाणवनस्पती खाऊन फस्त करतो. सायप्रिनस (कॉमन कार्प) तळ उकरत फिरतो आणि पाणी कायमचं गढूळ करतो. तिलापिया घुसला की निघत नाही. आफ्रिकन मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर बंदीच आहे. तो आपल्या देशी मांगूरासारखा दिसतो आणि इतर मासे खातो.

ठेका असलेल्या मच्छीमार संस्थेशी बोलताना ‘पक्ष्यांसाठी’ हा शब्द मी काढत नाही. हिशेब काढतो. रोहू, कतला, मृगळ साचलेल्या तलावात अंडी देत नाहीत, त्यांचं बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. देशी मासे काठाच्या वनस्पतीत आपोआप वाढतात, बियाण्याचा खर्च शून्य, आणि मरळीला बाजारात भाव चांगला. रोहू-कतला बंद करा असं म्हणायचंच नाही. फक्त गवत्या आणि सायप्रिनस नको, आणि पावसाच्या पहिल्या दोन महिन्यांत लावलेल्या पट्ट्यात जाळं नको, एवढं ठरावात लिहून घ्यायचं. ठेका नव्याने होताना ही अट करारात आली तर उत्तम.

पायरी ७: सलांग, पाळ

थोडक्यात. सलांगेची उंची वाढवून ‘जास्त पाणी’ साठवण्याचा आग्रह येईल. वीतभर उंचीनेही लावलेला काठ खोल बुडतो आणि येव्याकडच्या शेतकऱ्याच्या बांध्या पाण्यात जातात. नाही म्हणा. पाळीवरची जुनी झाडं तोडू देऊ नका. तुडूम गळत असेल तर उन्हाळ्यातच दुरुस्त करून घ्या.

पायरी ८: पक्षी आले की

दुसऱ्या-तिसऱ्या हिवाळ्यात फरक दिसायला लागतो. आधी वारकरी आणि टिबुकल्या, मग अडई, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. काणूक (एक छोटं बदक) दिसली तर समजा की पाणवनस्पती बरी धरली आहे. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते, त्या दिवसांत मोजणी करा आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवा, म्हणजे तुमच्या तलावाचा लेखी इतिहास तयार होतो. पुढे कुणी ‘इथे काही नाही’ म्हणालं तर तो उपयोगी पडतो.

गोंदिया-भंडाऱ्यात असाल तर सारस येऊ शकतो. त्याची संख्या इतकी घटली की २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. तो घरटं तलावातच करील असं नाही. पावसाळ्यात बरेचदा धानाच्या बांधीत गवताचा ढीग रचून त्यावर साधारण दोन अंडी घालतो आणि जोडी आळीपाळीने महिनाभर उबवते. ती बांधी कुणाची ते आधी शोधा आणि त्या घरी जाऊन बसा. सेवा संस्थेसारखे गट गोंदियात वर्षानुवर्षं शेतकऱ्यांसोबत हेच करत आलेत, त्यांना किंवा वनविभागाला कळवा. घरट्याची जागा मात्र कुठेही टाकू नका, व्हॉट्सअ‍ॅपवर तर नाहीच. आमच्याकडे एका फोटोमुळे रविवारी सतरा मोटारसायकली बांधावर आल्या होत्या.

काठावर पडलेले नायलॉन जाळ्यांचे तुकडे दर महिन्याला गोळा करा. पाय अडकून मेलेला पक्षी सापडला की त्या दिवशी काही सुचत नाही. तलावाचा एक कोपरा, शक्यतो येव्याकडचा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुणीही डोंगा (होडी) न नेण्याचा ठरवा. पाळीवर फिरायचा सिमेंटचा रस्ता आणि दिवे मंजूर करून आणणारा उत्साही माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला ग्रामसभेआधीच गाठा.

खर्च

बेशरम काढणं, नांगरणी आणि पाळीची डागडुजी रोजगार हमीत बसवता येते, फक्त ग्रामपंचायतीच्या कामांच्या आराखड्यात ती वेळेत घालावी लागते. उन्हाळ्यात काम हवं असेल तर दिवाळीच्या आसपासच पाठपुरावा सुरू करा. लागवड सहसा कोणत्याच खात्यात बसत नाही. ती आम्ही वर्गणीतून आणि महिला गटाच्या श्रमातून केली. चहा-पोह्यांचा खर्च धरायला विसरू नका, आमचा अंदाज तिथेच चुकला होता.

आमच्या वहीत लागवडीनंतरच्या तिसऱ्या ऑक्टोबरची एक नोंद आहे: उत्तर काठ, गुडघाभर पाणी, बोटं दिसतात. कमळपक्षी २, पिल्लं ३. मरळीची पिल्लावळ, लालसर पुंजका, आई खालून फिरते. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, “आता तिकडून डोंगा नको घालू.”